ॲप ठरलंय, पण घर पाहिलंय का?

पत्र थोडक्यात: डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. पाच जणांच्या गटाला ‘घरातली वीजबचत’ या विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे आणि सादरीकरणाला सहा आठवडे उरले आहेत. पहिल्याच बैठकीत एका मित्राने ॲपची कल्पना मांडली: शेजारच्या घरांमध्ये वीजवापराची क्रमवारी लावायची, कमी वीज वापरणाऱ्याला गुण आणि बॅज द्यायचे. गटाने होकार दिला, मार्गदर्शक सरांनाही कल्पना आवडली. हिला मात्र वाटतं, असलं ॲप कुणी चार दिवसांपलीकडे उघडणार नाही. गटाने ऑनलाइन फॉर्म भरून घेतला तेव्हा बहुतेकांनी ‘पर्यावरणासाठी वीज वाचवायला आवडेल’ असं लिहिलं, त्यामुळे हिची शंका बाजूला पडली. गटातले दोघं काहीच करत नाहीत. त्यांच्याकडे ‘रिसर्च’ दिला होता. घरीही रोज वाद. आजी रात्रभर पॅसेजमधला दिवा चालू ठेवते, ही बंद करते, आजी पुन्हा लावते. ती विचारते, ‘माझंच घर माझं ऐकत नाही, तर मी लोकांना काय सांगणार? सरांकडे वेगळा प्रोजेक्ट मागू, की गप्प बसून ॲपच्या स्क्रीन बनवू?’

उत्तर:

तुझ्या पत्रात ॲप आहे, गट आहे, सर आहेत. पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो आजीचा दिवा. म्हणून तिथूनच सुरू करते.

समज तो ९ वॅटचा एलईडी आहे आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत चालू राहतो. आठ तासांचे झाले ७२ वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट. म्हणजे आठवडाभर रोज रात्रभर दिवा चालू राहिला तरी खर्च अर्ध्या युनिटचा. आता दुसरा हिशेब मांड. एका माणसाच्या आंघोळीसाठी १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं, तर त्यालाही साधारण अर्धं युनिट लागतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात, त्यावरून तू स्वतः ताडून बघ. शिवाय गीझरच्या टाकीतून हळूहळू निघून जाणारी उष्णता मी यात धरलेलीच नाही. आजीचा आठवड्याचा दिवा आणि एका माणसाची एक आंघोळ, दोन्हींची वीज सारखी.

मग वाद दिव्यावरून का होतो? कारण दिवा दिसतो. गीझर दाराआड गुपचूप तापत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि आजी दिवा का लावते हे तू लिहिलेलं नाहीस. तिला विचारलंस का? तिच्या वयात रात्री उठून अंधारात भिंत चाचपत जायचं म्हणजे पडायची भीती. तिचं कारण हेच असेल, तर त्या दिव्याची वीज वाया जात नाही, ती कामाला येते आहे.

यात तुझी एकटीची चूक नाही. अमेरिकेत २०१० साली शहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना विचारलं होतं, की ऊर्जा वाचवायची तर सगळ्यात परिणामकारक गोष्ट कोणती. सगळ्यात जास्त लोकांनी एकच उत्तर दिलं, दिवे बंद करणं. कोणतं उपकरण किती ऊर्जा खातं, काय केल्याने किती वाचते, याचे लोकांचे अंदाज सरासरी २.८ पट कमी निघाले. खरी चूक मोठ्या उपकरणांच्या बाबतीत होत होती. छोट्यांच्या बाबतीत अंदाज फारसे चुकले नव्हते. तुमच्या प्रोजेक्टचं बीज मला इथे दिसतं. ‘लोकांना पर्वा नाही, त्यांना पटवून द्यायला हवं’ असं धरून तुम्ही सगळे निघाला आहात, तूसुद्धा. मला वाटतं, बहुतेक घरांत पर्वा भरपूर असते, पण ती चुकीच्या बटणावर खर्च होते. मग घरातल्यांना उपदेश करायला जाण्याआधी त्या घरात वीज नेमकी जाते कुठे, हे तुम्हाला माहीत हवं. पत्रावरून तरी गटातल्या कुणी ते अजून पाहिलेलं दिसत नाही.

तुमच्या फॉर्मबद्दल. ‘कशामुळे वीज वाचवाल?’ असं विचारलं की माणूस स्वतःबद्दल त्याला जे बरं वाटतं ते लिहितो. तो खोटं बोलत असतो असं नाही. आपण कशामुळे वागतो हे आपल्यालाच नीट कळत नसतं. कॅलिफोर्नियात जेसिका नोलन, वेस्ली शुल्त्झ, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. आधी लोकांना विचारलं, तर ‘शेजारी काय करतात’ हे कारण सगळ्यात खाली आलं, पर्यावरण वगैरे वर. मग घरोघरी दारांच्या मुठींना वेगवेगळे संदेश अडकवले. काहींवर पर्यावरण, काहींवर समाजाचं हित, काहींवर पैशांची बचत, काहींवर ‘तुमचे बहुतेक शेजारी हे करतात’. मीटरचे आकडे पाहिले तेव्हा जास्त बचत शेजाऱ्यांचा संदेश मिळालेल्या घरांत झाली होती. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा तुमच्या फॉर्ममधल्या होकारांनी तुझी शंका खोटी ठरत नाही. ती खरीही ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेव. तू आणि तुझा मित्र दोघंही सध्या अंदाजच बांधताय.

तुझ्या मित्राला याच अभ्यासात आनंद वाटण्यासारखं काही आहे. शेजाऱ्यांशी तुलना ही त्याची कल्पना पोकळ नाही. तिच्यात एक खड्डा मात्र आहे, तो त्याला दाखव. यातल्याच काही संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे तीनशे घरांना त्यांचा वीजवापर आणि परिसरातली सरासरी कळवली. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण आधीच कमी वापरणाऱ्यांना ‘आपण फारच काटकसर करतोय’ असं वाटलं असावं, कारण त्यांचा वापर वाढला! काही घरांच्या पत्रावर आकड्यांशेजारी फक्त एक हसरा चेहरा काढला होता, वापर सरासरीहून कमी असलेल्यांसाठी शाबासकी म्हणून. त्या घरांत ही वाढ दिसली नाही. क्रमवारीत वरचा नंबर आलेल्याला तुमचं ॲप काय सांगणार आहे? आणि ज्या घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, घरूनच काम चालतं, ते घर कायम तळाला राहणार. त्यांच्या हातात फोनवरून काय पडेल? लाजच ना? हे दोन प्रश्न तू बैठकीत मांडलेस तर ते ॲपविरुद्ध बोलणं होत नाही. ते ॲपचंच डिझाइन आहे.

असे तुलनेचे अहवाल पुढे अमेरिकेत लाखो घरांना नियमित पाठवले गेले. अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट यांनी सुमारे सहा लाख घरांचे आकडे तपासले, तेव्हा सरासरी बचत निघाली दोन टक्के. इतक्या मोठ्या प्रमाणावर दोन टक्के म्हणजे प्रचंड वीज, त्याला कमी लेखू नका. पण सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर ‘आमच्या ॲपमुळे ३० टक्के बचत’ लिहायचा मोह झाला, तर हा आकडा आठवा.

आता करायचं काय, ते सांगते. पाच जणांनी आपापलं घर घ्या, शक्य झालं तर ओळखीचं आणखी एकेक. त्या घरात जाऊन बसा आणि बघा. वीज वाचवण्याबद्दल अवाक्षर काढू नका. सकाळच्या घाईचे दोन तास आणि झोपायच्या आधीचा एक तास, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ हाती लागेल.

मीटरकडे नीट बघायला शिका. बऱ्याच डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. अशा मीटरवर दोन लुकलुकींमध्ये दहा सेकंद जात असतील, तर घर त्या क्षणी साधारण ११२ वॅट ओढतं आहे. ३२०० च्या मीटरसाठी सूत्र सोपं आहे: ११२५ भागिले सेकंद. गीझर लावा, दिवा अक्षरशः थडथडायला लागेल. मग घरातली सगळी उपकरणं ‘बंद’ करून पुन्हा मोजा. घर बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, की जो चेहरा त्या घरातल्यांचा होईल तो मला कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. काही सेट-टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही १० वॅटच्या आसपास वीज घेत राहतात. महिन्याला सात युनिटं. उलट प्लगमध्ये नुसता राहिलेला मोबाइलचा आजचा चांगला चार्जर वर्षभरात एक-दोन युनिटं खाईल. तरी विद्यार्थ्यांच्या पोस्टरांवर चार्जरच का असतो? काढायला सोपा, दिसायला सुबक म्हणून.

बघताना आणखी एक गोष्ट कर, आणि ही मी कळकळीने सांगते आहे. वीजबचतीच्या नेहमीच्या सूचना कागदावर लिही: कपडे साठवून एकदम मशीनला लावा, इस्त्री एकाच वेळी उरका, फ्रिज वारंवार उघडू नका, गीझर वेळेवर बंद करा. प्रत्येकीपुढे, हे घरात कोण करणार, त्या माणसाचं नाव लिही. फार घरांत सगळ्या ओळींपुढे एकच नाव येईल. बिल एक जण भरतो, बटणं चार जण दाबतात आणि बचतीची सगळी कामं एकीच्या डोक्यावर पडतात. अशा घरात तुमचं ॲप रोज सूचना पाठवायला लागलं, तर ती त्या बाईच्या दिवसात आणखी एक टोचणी ठरेल. तुमची कल्पना वीज किती वाचवते हे मोजालच; त्यासाठी कुणाची किती मिनिटं आणि किती लक्ष खर्च होतं, तेही मोजा. हा निकष तुमच्या वर्गात बाकी कुणी लावला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझा कल एकदाच करायच्या गोष्टींकडे आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले की झोपताना एकच बटण. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून बघायचा. सहज निघून आला तर रबर सैल पडलंय, ते बदलायचं. गीझरला टायमर. भाड्याच्या घरात गीझर किंवा पंखा बदलणं भाडेकरूच्या हातात नसतं, तिथे वेगळा विचार करावा लागेल.

आणि तो स्विचबोर्ड! एका रांगेत आठ सारखी बटणं, कशावर काही लिहिलेलं नाही. रोज वावरणारी माणसंसुद्धा पंख्यासाठी दोन चुकीची बटणं दाबून मग तिसऱ्यावर येतात. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, बाकीच्यांसारखंच पांढरं, त्याचा इवलासा दिवा उघड्या दारामागे झाकला गेलेला. मग माणूस आंघोळ करून घाईत निघून जातो आणि गीझर तापत राहतो. तो निष्काळजी आहे असं आपण म्हणतो. खरं तर बोर्डानेच त्याला काही सांगितलेलं नाही. मी तुमच्या गटात असते तर सहा आठवडे या एका बोर्डावर घालवले असते. बोटाला जाणवणारा उंचवटा, एक रंग, बाहेर पडताना डोळ्यांच्या रेषेत येणारी खूण. वृद्धांना आणि लहान मुलांनाही कळेल अशी. बनवायला कागद, चिकटपट्टी आणि दोन दिवस पुरतात. फक्त एक पथ्य पाळा: बोर्ड उघडायचा नाही, तारांना हात लावायचा नाही. जे काय कराल ते वरून.

ॲप मारायचं का? नको. मित्राला म्हण, ‘कोड लिहिण्याआधी तुझं ॲप कागदावर करून बघू.’ रेषा आखलेलं एक पान तीन घरांत द्या आणि रोज एकदा मीटरचा आकडा लिहायला सांगा. आठवड्याने जा. पान भरलेलं असेल तर तुझी शंका चुकली, मोकळेपणाने मान्य कर. तिसऱ्या दिवसानंतर रकाने रिकामे असतील तर तुला वाद घालावा लागणार नाही, पानच बोलेल. कदाचित असंही दिसेल की घरातल्या एका शाळकरी मुलाने ते पान मनापासून भरलंय आणि बाकी कुणी हातही लावलेला नाही. मग ॲप कुणासाठी करायचं ते कळलं.

काम न करणाऱ्या दोघांबद्दल. ‘रिसर्च तुमच्याकडे’ हे काम देणं झालंच नाही. कुठून सुरू करायचं आणि कधी संपलं म्हणायचं, हे त्यात नाही. असं काम चांगली मुलंही टाळतात. ‘तुझ्या घरातल्या गीझरची आणि टीव्हीची सात दिवसांची नोंद, पुढच्या बैठकीला’ असं सांगून बघ. त्याआधी दोघांशी वेगवेगळं बोल, गटासमोर नको. कुणाच्या घरी अडचण असेल, कुणी नोकरी सांभाळत असेल, किंवा तुझ्यासारखंच कुणाला ॲप पटलेलं नसेल आणि बोलायचं धाडस होत नसेल. एवढं करूनही हललं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात सरांना सांग. शेवटच्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट तक्रार वाटते. तिसऱ्या आठवड्यात, कामांचा कागद पुढे ठेवून सांगितली तर सरांनाही काही करता येतं. आणि कृपा करून त्यांचं काम रात्री जागून स्वतः उरकू नकोस. त्याने प्रोजेक्ट पूर्ण होईल, पण तुझा राग पुढची दोन वर्षं वर्गात तुझ्याबरोबर बसेल.

वेगळा प्रोजेक्ट आत्ता मागू नको. तुझ्याकडे अजून फक्त ‘मला वाटतं’ आहे, तेवढ्यावर सर का बदलतील? शिवाय हे बघण्याचं काम एकटीचं नाही. पाच घरं हवीत, पाच जोड्या डोळे हवेत. एकाच परिस्थितीत मी हो म्हणेन. तू स्पष्ट विचारूनही गट एकही घर पाहायला तयार झाला नाही, तर प्रोजेक्ट तोच ठेवून घरांच्या निरीक्षणाचा भाग तुझ्या नावावर द्यायची सरांना विनंती कर.

शेवटी मोजमाप, कारण परीक्षक तिथेच पकडतात. पहिले दहा-बारा दिवस घरात काहीही बदल न करता रोज ठरलेल्या वेळी मीटर वाचा. नंतर काही घरांत तुमची वस्तू लावा, काही घरं तशीच सोडा. त्या आठवड्यात हवा बदलली, पाहुणे आले, कुणी गावाला गेलं, तर आकड्याशेजारी लिहून ठेवा. आणि नुसतं ‘आम्ही बघतोय’ कळलं तरी माणसं बदलतात, हे विसरू नका. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो घरांना फक्त ‘तुमच्या वीजवापराचा अभ्यास चालू आहे’ अशी पोस्टकार्डं पाठवली होती. सल्ला नाही, सूचना नाही. तरी वापर २.७ टक्क्यांनी घटला आणि कार्डं थांबल्यावर पूर्ववत झाला. म्हणून तुमच्या सहा-सात घरांच्या टक्केवारीवर फार भार टाकू नका. त्यापेक्षा हे दाखवा: तीन आठवड्यांनी खूण जागेवर होती का, कुणी काढून टाकली, का काढली, घरातल्या लहानग्याने ती समजून घेतली का, गीझर किती दिवस चालू राहून गेला. कुणी काढून टाकली असेल तर तो फोटोही सादरीकरणात ठेवा, त्या माणसाच्या शब्दांसह.

येत्या बैठकीआधी एक संध्याकाळ ॲपवाल्या मित्राला तुझ्या घरी बोलव. घरातली सगळी बटणं बंद करा, घड्याळ घेऊन दोघंही मीटरसमोर उभे राहा आणि लुकलुकी मोजा. जो आकडा येईल तो बैठकीत त्यालाच सांगू दे.